दारावरून गेलेली वाट

झेन्झीच्या तोंडाला रक्त लागलेलं बघून बुर्गीच्या हातातली बादली सुटली आणि सकाळचं निम्मं दूध गवताने प्यायलं.

झेन्झी मात्र मजेत होती. वर्ष-दीड वर्षाची अवखळ कालवड ती, फाटकापाशी उभी राहून जिभेने नाकपुड्या चाटत होती. बुर्गी धावत गेली, झेन्झीचा जबडा दोन्ही हातांनी धरला आणि बोटांना लागलेलं लाल नाकाशी नेलं. हा रक्ताचा वास नव्हता... हा तर रंगाचा वास होता. शिवाय एका कानावर पांढरा पट्टा होता, तो काल नक्की नव्हता.

"ती... तुमची आहे का?" फाटकापलीकडच्या खडकामागून आवाज आला.

खडकामागे एक उंच, काडीसारखा तरुण उकिडवा बसला होता. एका हातात ब्रश, पायाशी लाल आणि पांढऱ्या रंगाचे डबे, डोक्यावर गावच्या पर्यटन कचेरीची हिरवी टोपी. टोपीवरसुद्धा झेन्झीच्या जिभेची खूण होती.

आता, रोपवेचं वरचं टोक मागे पडलं की आमच्याकडे कोणी कोणाला अहो-जाहो करत नाही. खाली बँकेतला साहेब असो की चर्चचा पाद्री, वर सगळेच अरे-तुरे. तरी हा 'तुमची' म्हणाला, म्हणजे चांगलाच घाबरला होता.

"माझी आहे," बुर्गी म्हणाली. "आणि ते सांडलेलं दूधही माझंच होतं."

"मी खूण रंगवतो आणि ही चाटते. मघापासून हेच चाललंय. मी उजव्या खडकाकडे गेलो की ही उजवीकडे, डावीकडे गेलो की डावीकडे."

"रंगाने काही होणार नाही ना तिला?"

"काही नाही. जनावरांना चालेल असाच रंग असतो आमचा." तो उभा राहिला. "मी रोमेद. वाटा बघतो गावच्या. खुणा, बाकं, पाट्या... वादळाने खालच्या जंगलात झाडं आडवी झालीत. ती हलेपर्यंत धबधब्याची वाट तुझ्या कुरणातून वळवायचीय. तात्पुरती."

"म्हणजे आता पाहुणे माझ्या दारावरून जाणार?"

"थोडेच दिवस," रोमेद म्हणाला. मग त्याने सांडलेल्या दुधाकडे पाहिलं, बुर्गीकडे पाहिलं, आणि तो कानापर्यंत लाल झाला. त्यासाठी त्याला डबा लागला नाही.

बुर्गीला हसू आलं. वर कुरणावर एकटं राहून महिना होत आला होता, आणि गाईंखेरीज कोणाकडे बघून हसण्याचा हा पहिलाच प्रसंग. तिने त्याला ओसरीवर बसवून गार ताकाचा मोठा पेला दिला. तो त्याने इतक्या हळू प्यायला, की ताक संपण्याची त्यालाच भीती वाटत असावी.

आमचं लेर्शबाख गाव हिवाळ्यात बर्फावर घसरायला येणाऱ्यांचं. तेव्हा रोमेद रोपवेच्या पाळण्यांत माणसं बसवतो. उन्हाळ्यात तेच पाळणे चालणाऱ्यांना वर आणून सोडतात, आणि मग तो वाटा सांभाळतो: ओढणीच्या धबधब्याची, हिरव्या तळ्याची, कड्यावरच्या लहानशा प्रार्थनाघराची. काम मोठं, वाटा लांबलचक. पण त्या उन्हाळ्यात सगळा बिघाड बुर्गीच्या दाराशीच होऊ लागला. कधी तिथली पाटी तिरकी होई, कधी बाक डुगडुगे.

"पुन्हा बाक?" बुर्गी विचारायची.

"पाय हलतोय एक."

"काल चांगला होता. मी बसले होते त्यावर."

"मग... तू बसल्यामुळेच हलला असेल."

ती फडकं फेकून मारायची, तो ते झेलायचा आणि घडी घालून परत द्यायचा. मग ताक. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं म्हणतात ते यालाच. रोमेद अगदी रोज ताकाला यायचा, आणि भांडं कुठे लपवलंय ते बुर्गीला सोडून सगळ्यांना, झेन्झीलासुद्धा, कळलं असावं.

बुर्गीला कळलं नाही असं म्हणणंही तितकंसं खरं नाही. पाटीवर हातोडा पडायला लागला की ती आरशासमोर जाऊन वेणी पुन्हा घालायची.

पण तिच्या डोक्याला दुसराच घोर होता. कुरण आणि गाई तिच्या हार्टलमामाच्या. वीस-बावीस उन्हाळे मामीने वर काढले, यंदा तिचे गुडघे दुखू लागले आणि बुर्गीने शहरातली हॉटेलची नोकरी सोडून हट्टाने हे काम मागून घेतलं. मामा नाखूश होता. "हॉटेलात चादरी घडी घालणं वेगळं आणि गाई राखणं वेगळं," तो म्हणाला होता. "सगळी जनावरं धड खाली आण. मुकुट घालून आण. मग पुढच्या उन्हाळ्याचं बोलू. नाहीतर मला दुसरं माणूस बघावं लागेल, पोरी. भाचीबिची काही नाही."

मुकुटाचा नियम आमच्याकडे जुना आहे. उन्हाळाभरात एकही जनावर दगावलं नाही, तर सप्टेंबरात गाई डोक्यावर फुलांचे मुकुट मिरवत, गळ्यातल्या मोठाल्या घंटा वाजवत गावात उतरतात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी असतात. एखादं जरी गेलं, तर फुलं नाहीत. घंटांत गवत कोंबायचं आणि मागच्या रस्त्याने मुकाट्याने गोठा गाठायचा. कोणी काही विचारत नाही, कारण सगळ्यांना कळलेलं असतं.

म्हणून दिवेलागणीला बुर्गी ओसरीवर बसून कागदाची फुलं करायची. पाहुणे यायचे, थांबायचे, ताक प्यायचे, चीज बांधून घ्यायचे. व्हिएन्नाच्या म्हाताऱ्या, म्युनिकची पोराबाळांची कुटुंबं, लांब टांगांचे हॉलंडवाले. पूर्वी मामीच्या वेळी इथे चिटपाखरू फिरकत नसे. आता दार जागं झालं होतं. बुर्गीला ते फार आवडायचं. मनातल्या मनात ती त्या वादळाचे आभार मानायची.

ऑगस्टातल्या एका दुपारी रोमेद हातोडा न घेता आला.

"आज काय मोडलं?"

"काहीच नाही. मामी आलीय ना पाळण्यात बसून तुला भेटायला? ती बघेल तासभर गाई. चल, धबधबा दाखवतो."

"मला? मी इथलीच आहे रे. जन्मापासून."

"मग कड्याच्या सज्ज्यावर कधी उभी राहिलीस?"

खरं होतं. गावातलं कोणी तिथे जात नाही. ते पाहुण्यांसाठी असतं. जन्मभर तिने धबधब्याचा आवाज ऐकला होता, पण त्याच्यासमोर उभी राहिली नव्हती.

दोघं निघाले. पाऊस नुकताच भुरभुरून गेला होता आणि पाइनच्या पानांचा ओला वास सुटला होता. वाटेवर झाडांची मुळं वर आलेली. रोमेद पुढे चालायचा, निसरडं आलं की नुसता हात मागे करायचा. वळून बघायचा नाही. बुर्गीने पहिल्यांदा तो हात धरला नाही. दुसऱ्यांदा धरला. त्यानंतर वाट कोरडी आली तरी सोडायचं दोघांच्याही लक्षात राहिलं नाही.

सज्जा लोखंडी जाळीचा. पायाखाली आरपार दिसणारी दरी, आणि समोर पांढरी ओढणी वाऱ्यावर उडावी तसं कोसळणारं पाणी. तुषार चेहऱ्यावर आले आणि बुर्गीने डोळे मिटून घेतले.

"उघड की."

"खाली बघवत नाही मला. बोल काहीतरी तू."

"काय बोलू?"

"काहीही. रोज ओसरीवर बसून जे बोलायचं ठरवून येतोस आणि न बोलता जातोस, ते."

"बुर्गी... मला ना... तुला एक सांगायचं होतं. ती वाट—"

"जरा सरकता का नवरा-बायको?" मागून एक म्हातारी म्हणाली. "पाण्यासमोर माझा फोटो काढा. आणि मग मी तुमचा काढते. किती गोड दिसताय."

"आम्ही नवरा-बायको नाही," दोघं एकदमच म्हणाले.

"असं?" म्हातारीने दोघांच्या गुंफलेल्या हातांकडे पाहिलं. "मग घाई करा. उन्हाळा छोटा असतो तुमच्याकडे."

फोटो झाले, हसणं झालं, आणि सांगायचं होतं ते राहूनच गेलं. परतताना बुर्गी मात्र तरंगत होती. रात्री मामीने विचारलं, "कसा होता धबधबा?" तर तिला पाण्याबद्दल काहीच आठवेना.

उन्हाळा छोटाच असतो. सप्टेंबर उजाडला, माथ्यावर पांढरी भुरभुर दिसायला लागली. मुकुट तयार होऊन खोलीत भिंतीला टांगले गेले. खाली उतरायला चार दिवस उरले असताना सकाळी बुर्गी धुक्यात बाहेर आली, तर फाटक सताड उघडं. अडसर गवतात पडलेला. आदल्या संध्याकाळी उशिरा गेलेला कुणी पाहुणा ते लावायचं विसरला होता.

गाई सगळ्या होत्या. झेन्झी नव्हती.

ती ओरडत फिरली. ओहळ पाहिला, खडकांची कपार पाहिली. धुकं इतकं, की स्वतःचे बूट दिसत नव्हते. रोमेद आला तेव्हा ती पायरीवर बसून रडत होती.

"ती गेली रे. फाटक कोणीतरी उघडं टाकलं आणि ती गेली. मामा म्हणालाच होता, मला जमणार नाही. सगळं गेलं माझं..."

रोमेदचा चेहरा पांढरा पडला. तो तिच्याजवळ बसला नाही. समोर उभा राहिला.

"चूक माझी आहे, बुर्गी."

"तुझी कशी असेल?"

"जंगलातली झाडं जुलैतच हलवली. खालची वाट तेव्हाच मोकळी झाली. मी तेव्हाच इथल्या खुणा पुसून पाहुण्यांना परत तिकडे वळवायला हवं होतं. कचेरीने सांगितलंही होतं. मी... केलं नाही."

"का?"

"खुणा पुसल्या असत्या, तर माझं इथे काय काम उरलं असतं?" तो म्हणाला. "तुझ्या दारावरून वाट गेली की मला रोज यायला कारण मिळायचं. तू पाहुण्यांशी हसायचीस, खूश दिसायचीस... म्हणून आज पुसू, उद्या पुसू करत राहिलो. धबधब्यावर सांगणार होतो. प्रेम आहे माझं तुझ्यावर, हेही सांगणार होतो. दोन्ही राहिलं."

बुर्गी उठली. ज्या शब्दांची तिने उन्हाळाभर वाट पाहिली, ते आले ते असे. दुःख अधिक की राग अधिक, तिला कळेना.

"आत्ता सांगतोस? आत्ता?" ती म्हणाली. "तुला ताकाला यायचं होतं, म्हणून माझी कालवड गेली. जा इथून, रोमेद. आत्ता मला तुझं तोंड बघवत नाही."

तो गेला. पण गावाकडे गेला नाही. खांद्यावर तिच्या ओसरीवरचा दोर टाकून तो धुक्यात शिरला, आणि थोड्या वेळाने दरीच्या बाजूने त्याच्या हाका ऐकू येऊ लागल्या. "झेन्झी... झेन्झी ए..." बुर्गी दुसऱ्या अंगाने शोधत होती. तिला त्या हाका नकोशा वाटत होत्या, आणि थांबल्या की भीती वाटत होती.

दुपारी धुकं उचललं. धबधब्याकडून एक कुटुंब उड्या मारत आलं.

"ताई, तुमची ती धबधब्यातली गाय फारच छान," बाप म्हणाला. "रोज तिथेच बांधता का? धुकं उचलल्यापासून सगळे तिचेच फोटो काढतायत."

बुर्गीने उत्तरसुद्धा दिलं नाही. ती पळत सुटली.

सज्ज्यावर ही गर्दी. आणि सज्ज्याच्या खाली, कड्याच्या पोटातल्या एका हिरव्या फळीएवढ्या जागेवर, तुषारांत चिंब भिजलेली झेन्झी. पुढचा एक पाय तिने वर उचलून धरला होता. पुढे एक पाऊल टाकलं असतं तर थेट तळाला. आणि तिच्या मानेला मिठी मारून, पाठ दरीकडे करून, रोमेद बसला होता. दोराचं एक टोक त्याच्या कमरेला, दुसरं सज्ज्याच्या कठड्याला.

बुर्गीचा जीव भांड्यात पडला आणि लगेच पुन्हा वर आला.

"तू कधीपासून बसलायस तिथे?" पाण्याच्या आवाजावर ताण करून ती ओरडली.

"मघापासून. बचाववाल्यांना फोन केलाय. हेलिकॉप्टर येतंय."

"वर ये तू."

"मी सोडली तर ही उडी मारेल. घाबरलीय."

"आणि तू?"

"मी पण घाबरलोय. पण मी उडी मारणार नाही."

सज्ज्यावरचे लोक हसले. बुर्गीला रडू आलं. "माझा राग अजून गेलेला नाही," ती ओरडली.

"माहीत आहे."

"तोल सांभाळ. राग काढायला तू लागशील मला."

कुणीतरी तिच्या खांद्यावर कोरडी शाल टाकली. तिने दोर दोन्ही हातांत घट्ट धरला, कठड्याला बांधलेला असूनही. हेलिकॉप्टर येईपर्यंत तिने तो सोडला नाही. रोमेद तिथे गारठून, थरथरत, कालवडीच्या कानात काहीबाही बोलत राहिला. त्याच्याकडे पाहताना बुर्गीला कळलं, की आपण आता झेन्झीसाठी जितका देवाचा धावा करतोय तितकाच त्याच्यासाठीही करतोय, आणि कदाचित थोडा जास्तच.

पोटाखाली पट्टे बांधलेली झेन्झी मग सगळ्या खोऱ्यावरून उडत गेली. गावात लोक दुकानं सोडून रस्त्यावर आले. पाय फक्त मुरगळला होता.

उतरायच्या दिवशी पहाटेच हार्टलमामा वर आला. बुर्गीने त्याला ओसरीवरच गाठलं.

"मामा, फाटक उघडं राहिलं होतं. बघायला हवं होतं मी. मुकुट घालायचे की नाही, ते तू सांग."

मामाने पाइप पेटवला. "परवा तो वाटवाला येऊन गेला माझ्याकडे. टोपी हातात घेऊन उभा. म्हणाला, दोष सगळा माझा, पोरीचा काही नाही, कुरण तिच्याकडेच ठेवा. मी त्याला शिव्या घातल्या भरपूर. त्याने ऐकून घेतल्या. कचेरीतही स्वतःच जाऊन सांगून आलाय. तिथेही खाल्ल्यात." मामाने धूर सोडला. "गाय जिवंत आहे ना? मग घाल मुकुट. आणि पुढच्या वर्षी फाटकाला कडी लावून घे, आपोआप लागणारी. मी नाही येणार दरवेळी आठवण करायला."

तिने मामाच्या खरखरीत गालाचा मुका घेतला. मामा म्हणाला, "पुरे, पुरे. गाई खोळंबल्यात."

रोमेदने तिला यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं. तो त्या दिवसापासून ताकालाही आला नव्हता.

लेर्शबाखच्या रस्त्यावर त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. पुढे मुख्य गाय, तिच्या डोक्यावर लाल-पांढऱ्या फुलांचा उंच मुकुट. तिच्या पुढे बुर्गी, मामीच्या ठेवणीतल्या पोशाखात. घंटांचा नाद छातीत घुमत होता. लोक टाळ्या वाजवत होते, हाका मारत होते. याच क्षणासाठी तिने उन्हाळाभर फुलं केली होती. पण ती सारखी मागे वळून बघत होती.

कारण सगळ्यांत शेवटी, सगळ्या गाईंच्या मागे, पर्यटन कचेरीचा छोटा ट्रॅक्टर होता. पाठीमागच्या गाडीत गवतावर मुकुट घालून झेन्झी ऐसपैस बसली होती, राणीसारखी इकडेतिकडे बघत. आणि ट्रॅक्टर गोगलगायीच्या चालीने हाकत होता रोमेद. मान खाली, टोपी कपाळावर ओढलेली.

"मामा, तू चल पुढे," बुर्गीने काठी मामाच्या हातात दिली.

"अगं, राखणारी पुढे चालते. रीत आहे."

"मग आज तू राखणारा हो थोडा वेळ."

ती मिरवणुकीच्या उलट्या दिशेने निघाली. गाई तिच्या दोन्ही अंगांनी पुढे गेल्या. लोक वळून बघायला लागले. ती ट्रॅक्टरच्या बाजूला आली आणि चालू लागली. ट्रॅक्टरची चाल अशी होती की तिला भरभर चालावंही लागलं नाही.

"रोमेद."

"हं."

"देव फेडो."

आमच्याकडे मनापासून आभार मानायचे असले की हेच म्हणतात. ऐकणाऱ्याने 'देव बरं करो' म्हणायचं, की झालं, देणं-घेणं देवाच्या खात्यावर जमा. रोमेदने समोर बघतच रीतीप्रमाणे उत्तर दिलं. "देव बरं करो."

"नाही," बुर्गी म्हणाली. "मी चुकीचं बोलले. देवाला आधीच पुष्कळ जणांचं फेडायचंय. तुझं त्याच्यावर नको टाकायला."

रोमेदने आता तिच्याकडे पाहिलं. डोळे लाल होते त्याचे. "फेडण्यासारखं मी काही केलं नाही, बुर्गी. जे केलं ते सगळं..."

"तू माझ्या दारावरून वाट नेलीस," ती म्हणाली. "चोरून नेलीस, त्याचा राग आहे. पण नेलीस. मी तिथे एकटी होते रे. उन्हाळाभर रोज सकाळी कोणीतरी येणार आहे, हे माहीत असणं... मला तसं कधी मिळालं नव्हतं." तिने ट्रॅक्टरच्या कडेवर हात ठेवला. "ते मीच फेडीन. थोडं थोडं. वर्षं लागतील."

"किती?"

"मोजत बसणार असशील तर आत्ताच खाली उतर."

रोमेद हसला. मग त्याला रडू आलं, आणि मग दोन्ही एकदम. ट्रॅक्टर आपोआप थांबला. मागून येणारे पाहुणेही थांबले.

"चालव की," बुर्गी म्हणाली. "झेन्झीला घरी जायचंय."

"तू?"

मिरवणुकीत कोण कोणाशेजारी बसतं याकडे आमच्या गावाचं बारीक लक्ष असतं. तिथे एकदा बसलं, की लग्न ठरलं म्हणून घरोघरी जाऊन वेगळं सांगावं लागत नाही. बुर्गीला ते ठाऊक होतं. तिने पोशाखाचा घोळ हातात धरला, ट्रॅक्टरवर चढली आणि त्याच्याजवळ बसली.